बाजेखालची शेगडी

॥ नमो तस्स ॥

वियांतियान
१९ नोव्हेंबर १९९८

चान्सी विहीणबाई यांस,
बुआफानचा सप्रेम सा. न. वि. वि.

आमच्या लेकाचा, सीथोनचा निरोप बसच्या ड्रायव्हरकडून कळला. मुलगी झाली, अंफोन आणि बाळ दोघी सुखरूप आहेत, हे ऐकून जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी पहाटे भिक्षूंच्या पात्रात भात घालताना माझा हात जरा सैलच सुटला. आमच्या ह्यांनी बिछान्यातूनच हात जोडले. त्यांचे खुब्याचे हाड अजून नीट जुळलेले नाही, कुशीवर वळवायलाही माणूस लागते. नाहीतर मी एव्हाना तुमच्या जिन्यावर पाय धूत उभी असते.

बाळाला तुम्ही बेडकी म्हणता असे समजले. छान केलेत. कुरूप नाव असले म्हणजे वाईट नजर त्या बाजूला फिरकत नाही. गेल्या खेपेस आपण हौसेने माणिक माणिक करत राहिलो, आणि दोन महिन्यांचा होतो न होतो तोच तो आपल्याला सोडून गेला. आजच्या दिवशी हे लिहायचे नव्हते, पण हात लिहून गेला.

आता एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. गेल्या खेपेस मी रेड्याच्या सुक्या मांसाच्या पट्ट्या पाठवल्या होत्या. त्या अंफोनने बाजेवर खाल्ल्या, पथ्य मोडले आणि तेच बाळाला बाधले, असे तुमच्या गावात सगळे म्हणाले. तुम्ही तोंडाने कधी म्हटले नाहीत, पण पुढे वर्षभर तुमचे पत्र आले नाही. तेव्हा या खेपेस खाण्याचे काही म्हणून पाठवत नाही. फक्त गेल्या खेपेप्रमाणे तांदळाचे एक पोते पाठवते आहे. शहरातल्या मोठ्या गिरणीचा, दोनदा पॉलिश केलेला चिकट तांदूळ आहे. आम्ही घरात कण्याच खातो, पण बाळंतिणीच्या पानात पांढराशुभ्र भात पडायला हवा. त्यात तरी काही बाधण्यासारखे नाही.

जुन्या चादरींची बाळोती शिवून पोत्यात वरच ठेवली आहेत. चार वेळा धुऊन मऊ केली आहेत.

बेडकीला आजीचा पापा द्यावा. आपल्यातला दोन घरांचा लोभ या निमित्ताने पुन्हा अंकुरावा, एवढीच इच्छा.

आपली,
बुआफान

---

बान नासाय
४ डिसेंबर

बुआफान विहीणबाई यांना,
चान्सीचा नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र आणि पोतं दोन्ही मिळालं. तांदूळ बघायला शेजारच्या बायका जमल्या. एकीनं मूठभर उचलून नाकाला लावला आणि म्हणाली, हा तर मोगऱ्याच्या कळ्यांसारखा दिसतो, ह्याला शिजवायचं की गजरा करायचा? मी म्हटलं, माझी विहीण शहरातली आहे, तिच्याकडे हे असंच असतं. तुमची फुशारकी मी मारली, त्याबद्दल एक पोतं आणखी यायला हरकत नाही.

इकडे सगळं रीतीप्रमाणे चाललंय. बाजेखाली शेगडी अखंड पेटती आहे. चिंचेचं सरपण लागतं, त्याचा निखारा टिकतो. सीथोन लाकडं आणून आणून काळा पडलाय. तुमच्या राजपुत्राला मी राबवते असं मनात आणू नका. राबवतेच. पण जेवायलाही घालते.

अंफोनचं पथ्य या वेळी मी माझ्या डोळ्यांसमोर करून घेते. मीठ लावलेला भात, भाजलेलं आलं, मुळ्यांचा काढा. मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, पाला नाही, फळ नाही. गेल्या वेळी शेगडी विझली तशी मी जरा सैल पडले होते आणि काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. या वेळी शेगडी विझली तरी पथ्य सुटणार नाही असं आम्ही मायलेकींनी ठरवलंय.

ती थोडी चिडचिडी झालीय. तळपायांना मुंग्या येतात म्हणते, आग होते म्हणते. इथल्या जाणत्या बायका म्हणतात की गारठा पायांतून बाहेर पडतोय, शेगडी लागू पडली. बेडकी मात्र अशी गुबगुबीत आहे आणि असा गळा काढते की विहारात पोरं पाठ म्हणत असतात ती थांबतात.

बाकी गाव जसं होतं तसंच आहे. गिरणी आल्यापासून उखळात कोळ्यांनी जाळी विणलीत. कांडायचा त्रास गेला, खांदे सुटले. कोंडा सगळा डुकरिणीला जातो. ती इतकी तुकतुकीत झालीय की सीथोन म्हणतो, सासूबाई, हिला आरशासमोर बांधा.

व्याहीबुवांच्या हाडाला आराम पडो. रागलोभ दोन्ही पोहोचले, लोभ ठेवून घेतला आहे.

तुमची,
चान्सी

---

॥ नमो तस्स ॥

वियांतियान
२२ डिसेंबर

चान्सी विहीणबाई यांस,
सप्रेम सा. न. वि. वि.

तुमचे पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवले. डुकरिणीच्या आरशाला ते इतके हसले की खुब्यात कळ आली आणि मग बोलणी मला खावी लागली. दुसरे पोते कापणी संपली की पाठवते. फुशारकी तुम्ही अशीच चालू ठेवा.

अंफोनच्या पायांचे वाचून मन थोडे अडकले. तुमच्या गावच्या बायका माझ्याहून जाणत्या आहेत हे मी मान्य करते. तरी एखादे अंडे, नदीतला एखादा भाजलेला मासा दिला तर? मी विचारते आहे, सांगत नाही. सांगण्याचा हक्क मी गेल्या खेपेस गमावला. तुम्ही जन्मदात्री आहात, तुमच्या हातून तिचे वाईट होणार नाही.

इथे उत्सव संपले. पौर्णिमेला विहारात भांडी घासायला मी आणि शेजारची थोंगदी होतो. तिचा नातू कडेवर होता. तो मध्यंतरी फार आजारी पडला होता, आता हाती लागेल ते भांडे वाजवत असतो. बेडकी कधी वाजवेल याचा विचार करत मी पातेली घासली.

पत्र लिहायचे कष्ट घ्यावेत. दोन ओळी आल्या तरी चार दिवस पुरतात.

आपली,
बुआफान

---

बान नासाय
९ जानेवारी १९९९

ती. सासूबाई यांना,
अंफोनचा शि. सा. न. वि. वि.

आई शेतात गेलीय, म्हणून आज पत्र मी लिहिते. तुमचं अंड्याबद्दलचं वाक्य तिनं मला वाचून दाखवलं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या भाताशेजारी एक उकडलेलं अंडं ठेवलं. सासूबाई, ते मीच परत केलं. आईला वाटतं की ती पथ्य करून घेते. खरं म्हणजे मीच करतेय. माणिकच्या वेळी मला राहवलं नाही. त्या पट्ट्या खाताना किती चांगलं वाटलं होतं ते मला अजून आठवतं आणि आठवलं की अंगावर काटा येतो. तुमचा त्यात काही दोष नव्हता. तुम्ही प्रेमानं पाठवल्या, तोंड माझं होतं.

मला आता उकिडवं बसलं की उठता येत नाही. सीथोन दोन्ही हात धरून उभी करतो आणि म्हणतो, म्हातारे, चल. पोटऱ्या दुखतात. पण ते चालायचंच.

लिहायचं कारण वेगळंच आहे. परवापासून बेडकीचा आवाज घोगरा झालाय. आधी वाटलं की धुरानं असेल. प्यायला घेतलं की दोन घोट पिते, तोंड काढते आणि ओकते. मग रडते, पण रडणं ऐकू येत नाही. तोंड उघडलेलं, चेहरा लाल आणि आवाज मांजराच्या पिल्लाइतकाही नाही. छाती भराभर हलते. सासूबाई, माणिकचंही असंच सुरू झालं होतं. मी आईला हे बोलले नाही, तिलाही ते दिसतंय आणि तीही मला बोलत नाही.

माझ्या हातून कुठेतरी पथ्य चुकलं असणार. कालपासून मी पुन्हा बाजेवर गेलेय, शेगडी पेटवून घेतलीय आणि आल्याशिवाय भाताला काही लावायचं नाही असं ठरवलंय. मीठसुद्धा नको. तुम्ही रोज पहाटे भिक्षूंना वाढता, तेव्हा तिचं नाव घ्या. खरं नाव अजून ठेवलेलं नाही. बेडकीच म्हणा, कळेल.

बाबांना नमस्कार.

तुमची सून,
अंफोन

---

॥ नमो तस्स ॥

वियांतियान
११ जानेवारी

चान्सी विहीणबाई यांस,
नमस्कार.

क्षेमकुशल विचारत बसत नाही, क्षमा असावी. ड्रायव्हरला तुमच्या फाट्यावर बस थांबवून, स्वतः उतरून हे पत्र तुमच्या हातात द्यायला सांगितले आहे. वाचून झाले की आधी सीथोनला पॉवर टिलर काढायला सांगा, राग नंतर माझ्यावर काढा.

अंफोनचे पत्र काल आले. ते कमरेला खोचूनच मी विहारात गेले. थोंगदीने माझा चेहरा बघून विचारले, तेव्हा तिला वाचून दाखवले. रडते पण ऐकू येत नाही, या ओळीवर तिने माझा हात धरला. तिच्या नातवाचे अगदी असेच झाले होते म्हणाली. ओकणे, छाती हलणे, ओठ निळे आणि आवाज गेलेला. इस्पितळात एक इंजेक्शन दिले आणि त्याच संध्याकाळी पोरगे दूध प्यायले. इतकी वर्षे तिच्या शेजारी भांडी घासते आहे, पण त्याला काय झाले होते हे मी कधी विचारले नव्हते.

ह्यांना शेजाऱ्यांवर सोपवून आम्ही दोघी तशाच इस्पितळात गेलो. डॉक्टरीण अगदी कोवळी पोर आहे. तिने अंफोनचे पत्र वाचले आणि आजीबाई इथे काय करता, त्या बाळाला इस्पितळात कोणी न्यायचे, असे म्हणून मला अक्षरशः ओरडली. मग पाणी दिले आणि समजावून सांगितले. ते तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते.

ब जीवनसत्त्व म्हणून एक गोष्ट आहे. ती तांदळाच्या कोंड्यात असते, मांसात असते, शेंगांत असते. ती आईच्या अंगात संपली की तिच्या पायांना मुंग्या येतात, तळवे जळतात, बसले की उठवत नाही. आईचे एवढ्यावर भागते. पण तिच्या दुधातही ती उरत नाही. दूध दिसायला तेच असते, पांढरे आणि भरपूर. बाळ त्यावर गुबगुबीतही दिसते आणि आतून त्याचे काळीज थकत जाते, घसा बसतो. बाळ हातचे जायला दिवस लागत नाहीत. म्हणून थांबू नका.

मी तिला म्हटले की पथ्य तर आपल्या आज्यांनीही केले, आणि आपण वाढलो. त्यावर तिने मला विचारले की तुमच्या आजीच्या घरी तांदूळ कोण सडत असे. विहीणबाई, तेव्हा मला उखळ आठवले. सीथोनच्या वेळी माझी आई पहाटे उखळावर उभी राहून कांडायची. तो भात तांबूस असायचा. कोंडा पुरता निघतच नसे, भातावाटे पोटात जायचा. पथ्य तेच राहिले, तांदूळ बदलला. तो मी पोते भरून पाठवला, सगळ्यांत पांढरा निवडून. त्यातून तो रात्रभर भिजवून आपण पाणी फेकतो, म्हणजे उरलेसुरले तेही गेले. शेगडीला ती काही वाईट म्हणाली नाही. शेक घेऊ दे, आले खाऊ दे, पण पान भरलेले असू दे, असे म्हणाली.

सोबत तिची चिठ्ठी आहे, जिल्ह्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरांना द्या. इंजेक्शन तिथे असते.

तुम्हाला हे अवघड जाईल हे मला कळते. गाव म्हणेल की पुन्हा त्या शहरातल्या विहिणीने पथ्य मोडायला लावले. म्हणू दे. तुम्ही आधीच सगळ्यांना सांगून टाका की तिने हट्ट केला, आमचे काही चालले नाही. काही बरेवाईट झाले तर माझ्या नावावर घाला. एकदा घातलेले आहेच, आणखी एकदा मला जड नाही. पण मुलीला आजच न्या.

अंफोनला म्हणावे, ती चुकलेली नाही. तिची सासू शपथेवर सांगते.

बुआफान

---

जिल्ह्याचं इस्पितळ
१४ जानेवारी

विहीणबाईंना,
चान्सीचा नमस्कार.

बेडकी आहे. आधी एवढं वाचा, मग बसून पुढचं वाचा.

ड्रायव्हर पत्र घेऊन जिन्याखाली उभा राहिला तेव्हा मी तिला छातीशी धरून बसले होते. ओठ निळे झाले होते. पत्र निम्मं वाचलं आणि सीथोनला हाक मारली. गावातल्या दोघी-तिघी आल्या. एक म्हणाली की बाळंतिणीला वाऱ्यात काढताय, दोघींना घालवाल. मी म्हटलं, माझ्या विहिणीचा हुकूम आहे, भांडायचं तर बस पकडून वियांतियानला जा. तुमचं नाव असं उपयोगाला आलं.

पण अंफोन उठेना. बाज घट्ट धरून बसली. शेगडी सोडली की हीपण जाईल, एवढंच म्हणत होती. मी ओरडून बघितलं, रडून बघितलं, सीथोननं पाय धरले. वेळ जात होता. शेवटी मी मोठं मडकं घेतलं, बाजेखालचे निखारे चिमट्यानं त्यात भरले, वर राख घातली आणि टिलरच्या ट्रॉलीत नेऊन ठेवलं. तिला सांगितलं, ही बघ, शेगडी पुढे निघाली, तुला मागे राहायचं असलं तर राहा. तेव्हा उठली. सगळ्या रस्त्यानं मडकं तिच्या पायांशी, मी बाळाला पदरात धरलेलं आणि धूर मागे उडतोय. बघणाऱ्यांना वाटलं असेल की वरात चाललीय.

इथे नर्स मडकं बघून भडकली. इस्पितळ आहे की स्वयंपाकघर, म्हणाली. मी हात जोडून सांगितलं, बाई, खिडकीखाली ठेवते, पोरीला झोप लागेपर्यंत ते दिसू दे. नर्सनं मान हलवली.

इंजेक्शन मांडीत दिलं. बाटली करंगळीएवढी. मी त्रिशरण म्हणत बसले, मध्येच विसरले, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. दुपारपर्यंत छातीची ती धडधड उतरली. ओठांना रंग आला. संध्याकाळी तिनं आपण होऊन तोंड लावलं आणि ओकली नाही. आवाज अजून नाही. तोंड उघडते, हातपाय झाडते, आत सगळं गप्प. डॉक्टर म्हणतो की काळजाचं संकट टळलं, गळा सावकाश येईल. मी त्या तोंडाकडे बघत बसलेली असते.

अंफोनलाही सुया आणि गोळ्या चालू केल्या. डॉक्टर म्हणाला, भात एकटा नको, डुकराचं मांस, शेंगा, अंडी द्या, डुकराच्या मांसात ते ब भरपूर असतं. म्हणजे बघा, कोंडा लेकीच्या तोंडचा काढून डुकरिणीला घातला आणि आता डुकरिणीकडून परत मागायचा. मला हसू आलं आणि मग ते हसू थांबेना, नर्सनं येऊन विचारलं की आजी, बरं वाटतंय ना.

पण पोरगी घास घेईना. ताट समोर, हात मांडीवर. तिनं डॉक्टरला एकच विचारलं. गेल्या बाळंतपणात सुकं मांस खाल्लं होतं, मूल गेलं, ते त्यानं का? त्यानं विचारलं की बाळाचा आवाज बसला होता का. ती हो म्हणाली. त्यानं खाली बघितलं आणि हळूच म्हणाला, मांसानं नाही बाई, ते आणखी मिळायला हवं होतं.

अंफोननं माझ्याकडे बघितलं नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं ताट ओढलं आणि खाल्लं, सगळं खाल्लं. मी बाहेर जाऊन मडक्याजवळ बसले.

मला तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं. आता लिहिताना ते येत नाही.

चान्सी

---

॥ नमो तस्स ॥

वियांतियान
२० जानेवारी

चान्सी विहीणबाई यांस,
सप्रेम सा. न. वि. वि.

तुमच्या पहिल्या ओळीनंतर मी खरेच बसले. ह्यांनी पलंगावरून विचारले, आहे का, मी म्हटले, आहे.

तुम्हाला जे विचारता आले नाही ते मला कळले आहे. त्याचे उत्तर मी देणार नाही. तुम्हाला माहीत आहे, मी घरातल्या काड्यापेटीचाही हिशेब ठेवणारी बाई. पण हा हिशेब मी मांडत नाही, आणि तुम्हीही मांडायचा नाही. माणिकच्या वेळीही तांदूळ मीच पाठवलेला, त्याच गिरणीचा होता हे मला आठवते. तुम्ही त्याला जिवापाड जपलेत, मी चांगल्यातले चांगले पाठवले. आपल्या दोघींकडे त्या वेळी जे होते ते सगळे आपण त्याला दिले.

काल विहारात त्याच्या नावाने पुण्याचे पाणी सोडले. सोडताना तुमचे आणि अंफोनचे नाव घेतले. भन्ते म्हणाले, एवढ्या लहान जिवाला फार पुण्य लागत नाही, तो हलका असतो. मला बरे वाटले, म्हणून तुम्हालाही कळवते.

बेडकीच्या आवाजाचे समजताच कळवा. मी बस आली की फाटकाशी जाऊन उभी राहते, ड्रायव्हर आता लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

आपली,
बुआफान

---

बान नासाय
१४ फेब्रुवारी

बुआफान विहीणबाई यांना,
चान्सीचा सप्रेम नमस्कार वि. वि.

आवाज आला! आधी चार दिवस घोगरा येत होता, जुन्या दरवाजासारखा, म्हणून कळवलं नाही. म्हटलं, पुन्हा गेला तर तुम्हाला काय सांगू. परवा सीथोन तिला आंघोळ घालत असताना पाणी जरा गार लागलं आणि तिनं असा टाहो फोडला की तो घाबरून तिला तशीच ओली घेऊन अंगणात आला. आम्ही तिघं नुसते उभे. कुणी तिला गप्प करेना. शेजारीण येऊन ओरडली की पोर रडतंय आणि तुम्ही हसताय काय.

अंफोन आता हात न धरता उठते. मी उखळातली जाळी काढली, पहिल्या दिवशी खांदे भरून आले. सीथोन कांडतो आणि म्हणतो, सासूबाई, गिरणी असताना जावई कशाला कांडतो, असं लोक विचारतात. मी म्हटलं, सांग की सासू खाष्ट आहे, पटकन पटेल.

आता कामाचं लिहिते. आमच्यापलीकडे सेंगचं घर आहे. तिच्या लेकीला, मोनला, आठवड्यापूर्वी मुलगा झाला. शेगडी पेटली, पथ्य बसलं. तांदूळ गिरणीचाच. मी शेंगांची भाजी आणि मांसाचा रस्सा घेऊन गेले, तर सेंगनं जिन्यावरच अडवलं. म्हणाली, तुझ्या नातीला देवानं वाचवलं, माझ्या नातवावर कशाला प्रयोग करतेस. आणि मग पथ्य कसं करायचं ते मला समजावून सांगायला लागली. विहीणबाई, ते सगळं मीच तिला शिकवलं होतं. मोनच्या थोरल्या बहिणीच्या बाळंतपणात, याच जिन्यावर. माझेच शब्द माझ्या तोंडावर आले. मी रस्सा घेऊन परत आले.

डॉक्टरचं सांगून बघितलं, इस्पितळाचं सांगून बघितलं. ती म्हणते, तू आता शहराचं ऐकतेस. अंफोन गेली तर मोनशी बोलू देत नाहीत, बाळंतिणीला नजर लागेल म्हणतात. तुम्ही शिकलेल्या आहात, चार लोकांत बोलता. तुम्ही आलात तर मला धीर येईल. व्याहीबुवांचं हाड जुळलं असेल तरच या, मी आग्रह करत नाही. म्हणजे करतेच आहे.

लोभ आता माझ्याकडे जागा पुरत नाही इतका झालाय, येऊन थोडा घेऊन जा.

तुमची,
चान्सी

---

॥ नमो तस्स ॥

वियांतियान
१७ फेब्रुवारी

चान्सी विहीणबाई यांस,
सप्रेम सा. न. वि. वि.

हे काठी घेऊन चालू लागले आहेत. थोंगदी त्यांच्या जेवणाचे बघेल. मी रविवारच्या बसने निघते.

सेंगला माझ्या शिक्षणाचे काही सांगू नका, आणि समजवायला कोणी येते आहे असेही म्हणू नका. ती दार लावून घेईल. एवढेच सांगा की वियांतियानची विहीण आली आहे आणि तिला तुमच्या घरी जेवायचे आहे. पाहुणीला कोणी नाही म्हणत नाही. आपण एका थाळ्याभोवती बसून, एकाच वाडग्यात बोटे बुडवून जेवणारी माणसे. बाळंतीण तेवढी कोपऱ्यात वेगळी बसते. मी थाळ्याशी बसले की म्हणेन, मला मोनजवळ बसायचे आहे, तिची बाज इकडे ओढा. शेगडीसकट ओढा, मी शेगडीच्या विरोधात नाही. भाजी आणि रस्सा पाहुणीकडून आलेला असेल, तो खाली ठेवता येणार नाही. मी आधी खाईन, तुम्ही खाल, मग मोनच्या हाताला वाडगा किती लांब राहतो ते बघू. एका जेवणात नाही जमले तर मी पुन्हा जेवायला जाईन. राहायला आलेली बाई आहे, रोज भूक लागते.

तोवर एक काम तुमच्याकडे. रोज संध्याकाळी काही निमित्त काढून सेंगच्या अंगणावरून जात जा आणि त्या मुलाचे रडणे नीट कान देऊन ऐका. मोठ्याने रडत असेल तर घरी या आणि स्वस्थ झोपा. आवाज जरा जरी बसलेला वाटला, तर माझी वाट पाहू नका.

रविवारी फाट्यावर भेटू. बाकीची माया प्रत्यक्षच.

आपली,
बुआफान